थाळी दिसेनाशी होईपर्यंत

ताडकळसची गाडी समजून धम्मशीला सोनपेठच्या गाडीत बसली, आणि कंडक्टरनं तिकिटासाठी हात पुढे केला तोवर तिला ते कळलं नव्हतं. "ताडकळस? ही सोनपेठची हाय, बाई. चढताना पाटी वाचायची न्हाई काय?" तो रागानं बोलला नाही. त्यानं घंटी ओढली, गाडी परभणीबाहेरच्या एका पेट्रोल पंपाशी थांबली, आणि ती एप्रिलच्या उन्हात खाली उतरली. मागून धूळ आली, तिच्या चष्म्यावर बसली. तिनं चष्मा पदरानं पुसला, पुन्हा घातला, आणि रिक्षाची वाट बघत उभी राहिली. तिला राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. पाटी तिनं वाचली होती. पाटीवर तिला ताडकळस दिसलं होतं, स्वच्छ काळ्या अक्षरांत. धाकट्या काकूच्या घरी आई राहायला गेली होती, तिला आणायला जायचं होतं, मनात ताडकळस होतं, म्हणून पाटीवरही ताडकळसच होतं. म्हणजे डोळ्यांनी नुसता एक काळपट डाग दिला होता आणि बाकीचं तिनं आपल्या पदरचं भरलं होतं. असं आपण कधीपासून भरत आलो, हा प्रश्न तिला पेट्रोल पंपाच्या त्या भगभगीत उजेडात पडला. रिक्षा आली तेव्हा तिनं बसस्टँडऐवजी डोळ्यांच्या दवाखान्याचा पत्ता सांगितला.

डॉक्टर निकिता तरुण होती, हसरी होती. यंत्रावर हनुवटी टेकवून धम्मशीला बसली, एक निळसर रेघ तिच्या डोळ्यावरून इकडून तिकडे फिरली. "मॅडम, मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, जवळपास सारखाच." ती म्हणाली, "आजकाल काही अवघड नाही. आधी एक करू, मग पंधरा दिवसांनी दुसरा." कधीपासून असेल, असं धम्मशीलानं विचारलं. "तो एका दिवसात येत नाही. पाच-सात वर्षं तरी झाली असतील, जास्तही. इतका हळू येतो की माणसाला कळत नाही. मेंदू सांभाळून घेत राहतो." निकिता पुढे भिंगांच्या किमती, थेंबांची औषधं, डोक्यावरून पाणी न घेण्याबद्दल सांगत राहिली. धम्मशीला मान हलवत होती, पण ती तिथे नव्हती. ती समुद्रसपाटीपासून फार उंचावर, झाडं संपतात त्याच्याही वर, एका रबरी होडीत पोटावर पालथी पडली होती, होडीच्या सावलीतून खाली बघत होती, आणि हिरव्यानिळ्या पाण्यात एक पांढरी थाळी खाली खाली जात होती.

हिमाचलातलं ते तळं तिला दिनकररावांनी दिलं, असंच ती म्हणायची. दिनकरराव तिचे संशोधनाचे मार्गदर्शक. पहिल्यांदा तेच तिला घेऊन गेले तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती, परभणीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला नुकतीच लागली होती, आणि डोंगर म्हणून तिनं जिंतूरकडच्या टेकड्यांपलीकडे काही पाहिलं नव्हतं. खोल, थंड, स्वच्छ तळी हळूहळू बिघडतात; इतकी हळू, की रोज बघणाऱ्याला ती कधी बिघडलेली दिसत नाहीत. म्हणून दरवर्षी एकाच सुमाराला, एकाच जागी, एकाच रीतीनं मोजायचं, आणि कंटाळायचं नाही, एवढंच ते काम. पाण्याच्या बाटल्या भरायच्या, तापमान घ्यायचं, आणि सगळ्यांत शेवटी, ऊन डोक्यावर आलं की, खुणा केलेल्या दोरीला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात सोडायची. ती दिसेनाशी होते ती खोली म्हणजे तळ्याची नितळता. याला यंत्र लागत नाही, माणसाचा डोळा लागतो. "माणूस बदलला की डोळा बदलतो," दिनकरराव म्हणाले होते. "आकड्यांत तळं दिसायला पाहिजे, माणसं नको. तेव्हा थाळी तूच बघायचीस. कायम तूच." त्या वर्षी थाळी बावीस मीटरला गेली. दिनकररावांनी तिला त्याबद्दल काही शाबासकी दिली नाही, पण ती रात्रभर जागी होती. इतकं स्वच्छ काही असू शकतं याचा तिला जवळजवळ अपमान वाटला होता. पुढे दिनकरराव गेले, ती राहिली. दर सप्टेंबरात सचखंड एक्सप्रेसनं अंबाल्यापर्यंत, मग बस, मग जीप, मग पायी. लग्नाचं राहून गेलं, त्याला लोक या तळ्याचंच कारण द्यायचे. कॉलेजात हसायचे, "इथं नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई आन् बाई हिमाचलाचं पाणी मोजायला जायल्यात." तीही हसायची. दोरीवरची खूण मात्र वर सरकत होती. आधी वीतभर, मग हातभर. तळ्याच्या काठावर पहिलं हॉटेल आलं, मग त्याच्या शेजारी दुसरं, मग दिव्यांची रांगच. गेल्या सप्टेंबरात थाळी पंधरा मीटरवर दिसेनाशी झाली होती. आता हॉटेलांच्या आणखी एका रांगेसाठी परवानगी मागितली गेली होती, त्यावर सुनावणी लागली होती, आणि त्या रांगेच्या विरोधात इतक्या वर्षांचा सलग पुरावा साऱ्या देशात एकच होता. तिचे डोळे.

दवाखान्यातून ती चालतच घरी निघाली. रस्त्यात उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, मोसंबीच्या गाड्या, एका दुकानावरची पाटी. तिनं प्रत्येक पाटी मुद्दाम वाचायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी तिला कळेना, आपण वाचतोय की आठवतोय. तळं बिघडलंय असं तिला वाटत होतं, म्हणून थाळी लवकर दिसेनाशी होत होती का? वकील हेच म्हणणार. बाईला जे बघायचं होतं ते बाईनं बघितलं. तिच्या मनात वडील आले. भगवानराव ताडकळसच्या शाळेत मास्तर होते. ती तिसरीत असताना शाळेच्या माठात तिला वळवळणारे किडे दिसले, तिनं वर्गात सांगितलं, आणि बाई म्हणाल्या, "एवढ्या पोरांत तुलाच बरे दिसले." पोरं हसली. तिच्या वस्तीतल्या पोरांना त्या माठाला हात लावायची मुभा मिळून फार वर्षं झाली नव्हती, आणि हसण्यात तेही होतं. भगवानरावांनी मधल्या सुट्टीत काचेची बाटली आणली, माठातलं पाणी तीत भरलं, आणि सगळ्यांसमोर उन्हात धरली. किडे होते. घरी जाताना ते तिला म्हणाले, "शीला, आपलं सांगणं लोक दोनदा तपासतेत. म्हणून आपण तीनदा तपासून ठेवायचं. आन् मग मागं हटायचं न्हाई." इतक्या वर्षांत तिनं बाटल्या तीनदा तपासल्या, दोरी तीनदा तपासली, तापमापक तपासले. डोळा तपासायचं सुचलं नव्हतं.

हरिओमला तिनं दुसऱ्या दिवशी फोन केला. तो मानवतचा, तिचाच विद्यार्थी, आता दिल्लीच्या ज्या संस्थेतर्फे हे काम चालायचं तिथे मोठ्या जागेवर होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"आणखी कुणाला सांगितलंत?"

"डॉक्टरला माहीत आहे. आता तुला."

"मग इथंच थांबा, मॅडम. सुनावणी होऊन जाऊ द्या. दोन्ही डोळे करून घ्या, कुणी विचारणार न्हाई. पुढच्या वर्षीपासून आपण उपग्रहाची चित्रं घेऊ, थाळीचा विषयच संपला."

"आणि जर विचारलं तर?"

"कोण विचारतंय? मॅडम, तळं खरंच बिघडलंय, तुमाला माहिताय, मला माहिताय. तुमी हे बोललात तर ते सगळी वर्षं फेकून देतील. शंका आली की आकडा गेला, तुमीच शिकवलंय."

"शिकवलंय ना," ती म्हणाली. "मग मला शंका आलीये."

तो चिडला नाही, हेच तिला जड गेलं. तो तिच्या बाजूचा होता. तिला वाटलं होतं, असलं काही कोणी शत्रू सांगेल, आणि मग नाही म्हणायला सोपं जाईल. रात्री ती गच्चीवर पाणी शिंपडून पडली तेव्हा तिनं स्वतःला खरंच विचारून पाहिलं, आपण गप्प राहिलो तर काय होईल. काही होणार नव्हतं. तळं वाचेल, कदाचित. आणि आयुष्यभर तिला कळणार नाही की त्या बावीसपासून पंधरापर्यंतच्या उतरणीत तळं किती होतं आणि ती किती. हे न कळणं तिला सहन होईना. हरिओमनं मागितलेली गोष्ट लहान होती, पण ती दिली तर त्या होडीत पुन्हा पालथं पडता येणार नव्हतं.

सुनावणी पडद्यावर झाली. कॉलेजच्या एका खोलीत पंखा बंद करून, आवाज येऊ नये म्हणून, ती संगणकासमोर बसली. पडद्यावर अधिकारी, हॉटेलवाल्यांचे वकील, एका चौकोनात हरिओम. तिची पाळी आली तेव्हा तिनं आकडे सांगितले आणि मग, कुणी विचारायच्या आत, हिंदीत सांगितलं की तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि तो बरीच वर्षं असावा. हरिओमनं मान खाली घातली. वकिलांच्या चेहऱ्यावर आधी काही उमटलंच नाही. विरुद्ध बाजू असं बोलेल याची त्यांना सवय नव्हती. मग ते अगदी अदबीनं म्हणाले, की मॅडमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे, पण आता हे आकडे विचारात घेण्याचं कारण उरत नाही. अधिकाऱ्यानं तिला विचारलं, तुमचं काय म्हणणं.

"आकडे मागे घेणार नाही," ती म्हणाली. "मी एकाच डोळ्याचं ऑपरेशन करून घेणार आहे. दुसरा आहे तसाच ठेवणार. सप्टेंबरात तळ्यावर दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं बघेन. माझ्या डोळ्यानं किती खाल्लं ते कळेल, तेवढं वजा करा. दोरी मी धरणार नाही. दोरी या हॉटेलवाल्यांच्या माणसानं धरावी."

खोलीत उकाडा होता. घामानं ब्लाउज पाठीला चिकटला होता. अधिकाऱ्यानं वकिलांकडे पाहिलं, वकिलांना नाही म्हणायला कारण सापडलं नाही. निर्णय सप्टेंबरनंतर होईल असं ठरलं.

उजवा डोळा झाला. पट्टी निघाली आणि पहिल्यांदा तिला दिसला तो निकिताचा ॲप्रन, इतका पांढरा, की त्यात निळं काही कालवलंय असं वाटलं. तिनं उजवा डोळा झाकला. डाव्या डोळ्यात तोच ॲप्रन जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळसर. उघडला, झाकला. निकिता म्हणाली, "पंधरा दिवसांनी डावा करून टाकू. असं अर्धवट राहू नका, डोकं दुखेल, पायऱ्या चुकतील." धम्मशीलानं सप्टेंबर संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही असं सांगितलं. निकिताला ते पटलं नाही, तिनं चार वेळा समजावलं, शेवटी थेंब लिहून दिले. मग ते विचित्र महिने सुरू झाले. दोन डोळ्यांत दोन परभण्या. एकीत कडुलिंबाची पानं सुटी सुटी, भाकरीवरचा प्रत्येक डाग वेगळा. दुसरीत सगळं चहाच्या पाण्यातून पाहिल्यासारखं, मऊ, जुनं, आणि खरं सांगायचं तर अधिक ओळखीचं. या मऊ उजेडातच ती इतकी वर्षं राहिली होती. वर्गातली पोरं तिला या उजेडात देखणी वाटली होती. दोन्ही डोळे उघडे ठेवले की दोन्ही चित्रं एकमेकांवर सरकायची आणि कपाळात दुखायचं. जुलैत कॉलेजच्या ओल्या पायरीवर ती घसरली, मनगट सुजलं. आई तोवर ताडकळसहून आली होती. लक्ष्मीबाईंचा स्वतःचा मोतीबिंदू बऱ्याच वर्षांपूर्वी शिबिरात काढला होता, आणि घरी येऊन त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या होत्या, "घर एवढं मळकं होतं, मला कुणी सांगितलंच न्हाई." आता मनगटाला हळद लावताना त्या बोलत राहिल्या.

"एक डोळा फुटका ठेवून कुणी पहाडात जातंय का? लोकं काय म्हणतील?"

"फुटका नाही गं, धूसर."

"तेच ते. दोन्ही नीट करून जा की. तळं कुठं पळून चाललंय?"

"दोन्ही नीट केले तर जुना डोळा कुठून आणू, आई?"

लक्ष्मीबाईंनी हळदीची बोटं पदराला पुसली. "तुझा बाप असाच व्हता," त्या म्हणाल्या. "लय छळलं त्यानं मला." पण सप्टेंबरात सचखंडसाठी दशम्या आणि जवसाची चटणी त्यांनीच बांधून दिली.

तळ्यावर त्या वर्षी थंडी लवकर उतरली होती. हॉटेलवाल्यांचा इंजिनिअर जीपजवळ वाट बघत होता, तिशीचा, नम्र, नवे बूट घातलेला. चढताना तिला एका डोळ्यानं दगड जवळ दिसायचे, दुसऱ्यानं लांब, म्हणून तिनं डावा झाकून चालायचं ठरवलं. तो काही न विचारता तिच्या उजव्या हाताला एक पाऊल पुढे चालू लागला. होडीत तिघं होते. गावातला नेहमीचा वल्हेवाला, इंजिनिअर आणि ती. वारा नव्हता. ऊन डोक्यावर आलं. दोरीवरच्या खुणा नजरेत येणार नाहीत अशा बेतानं ती होडीच्या सावलीच्या बाजूला पालथी पडली, आणि तिनं इंजिनिअरला सांगितलं की आधी कोणता डोळा ते त्यानं ठरवायचं आणि खूण तिला सांगायची नाही. तो जरा घुटमळला. मग त्यानं तिच्या उजव्या डोळ्यावर पट्टी बांधली. डावा डोळा. थाळी पाण्याला लागली, क्षणभर हेलकावली आणि खाली निघाली. डाव्या डोळ्यात पाणी तेच होतं जे ती ओळखत होती, दाट, मधासारखं, आणि थाळी त्यात हळूहळू विरघळत गेली. तिला शेवटचा पांढरा ठिपका धरून ठेवावासा वाटला. इथेच तर मन भरून घेतं, तिनं स्वतःला बजावलं, आहे असं वाटतंय की दिसतंय, आणि दिसत नव्हतं तेव्हा ती म्हणाली, "गई." दोरी थांबली. वर घेताना पुन्हा ठिपका उगवला, "आ गई." असं तीनदा झालं. मग पट्टी बदलली.

उजव्या डोळ्यानं तिनं पाण्यात पाहिलं. पाणी निळं होतं. पहिल्या वर्षीसारखं, किंवा पहिल्या वर्षीची आठवण अशी निळी होती, तिला सांगता आलं नसतं. थाळी खाली गेली, खाली गेली, आणि ती जात राहावी असं तिला फार वाटलं. ती बावीसपर्यंत गेली तर सगळं खोटं ठरेल, ती खोटी ठरेल, आणि तळं मात्र चांगलं असेल. पालथ्या पडल्या पडल्या, थंडीनं ओठ बधिर झालेले असताना, तिला लख्ख कळलं की तिला तेच हवं होतं. खोटं ठरायला ती तयार होती. इतक्या वर्षांत तळं बिघडलेलं बघायची इच्छा तिच्या मनात कधी नव्हती. वकिलांपुढे तिला हे कधी सांगता आलं नसतं, पण आता तिला स्वतःला ठाऊक झालं होतं. थाळी फिकी झाली. निळ्यात निळी झाली. "गई," ती म्हणाली, आणि आवाज स्थिर राहिला. तेही तीनदा.

ती उठून बसली, पट्टी सोडली. इंजिनिअरच्या हातावरून पाणी ठिबकत होतं. वल्हेवाल्यानंही खुणा पाहिल्या होत्या, तो दुसरीकडे बघत होता. इंजिनिअर होडीच्या कडेला स्वतः पालथा झाला, आपल्या धड डोळ्यांनी, आणि वल्हेवाल्याला थाळी सोडायला सांगितली. बराच वेळ गेला. मग तो उठला आणि म्हणाला, "मेरी भी सत्रह के आसपास है, मैडम. आपकी बाईं आंख से साढ़े चौदह, दाईं से सत्रह." तिनं मनात वजाबाकी केली. अडीच मीटर तिच्या डोळ्याचे. बावीसपासून सतरापर्यंतचे पाच, तळ्याचे. "तुम्ही तेव्हा काही बोलला नसतात," तो हिंदीत हळू म्हणाला, "तर तुमच्याकडे सात होते." ती म्हणाली, "त्या सातांना कुणीही हात लावू शकलं असतं. या पाचांना लावून दाखवा." तो किंचित हसला आणि ओली दोरी गुंडाळू लागला. पुढे सुनावणीत वकिलांनाही त्या पाचांना हात लावता आला नाही. दोरी त्यांच्याच माणसानं धरली होती, आणि नव्या रांगेची परवानगी अडली ती अडलीच. पण ते पुढे. होडीत त्या दुपारी तिला फक्त भूक लागली होती आणि बोटं दुखत होती.

वल्हेवाल्यानं होडी वळवली. ती डावा डोळा झाकून काठाकडे बघत होती, नुसतीच, उजव्या डोळ्याला मिळालेलं खर्च करावं म्हणून. हॉटेलांच्या खिडक्या सुट्या सुट्या मोजता येत होत्या. त्यांच्या खाली दगड, दगडांच्या खाली पाण्याची कड, आणि त्या कडेला, दोन मोठ्या खडकांमध्ये, एक गडद हिरवा पट्टा पाण्यात उतरलेला होता, शेवाळाचा, सांडपाणी उतरतं तिथे वाढतो तसा, लांबट, जिभेसारखा. तिनं डावा डोळा उघडून उजवा झाकला. पट्टा नव्हता, खडकाची सावली होती. पुन्हा उजवा. पट्टा होता.

"तिकडे घ्या," ती म्हणाली.

इंजिनिअरनं तिच्या बोटाच्या दिशेनं पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. "मॅडम, मोजमापाची जागा तर तळ्याच्या मध्यावर ठरलेली आहे," तो म्हणाला. "इतकी वर्षं तिथंच—"

"मध्यावरचं मोजून झालं. आजपासून तिथलंही."

वल्हेवाला दोघांकडे बघत थांबला होता. तिनं पुढे वाकून त्याच्या हातातलं एक वल्हं घेतलं, सुजून बरं झालेलं मनगट आवळलं, आणि पाण्यात घातलं.